पाळणाघरांतील मुलें आणि आपल्या शेतांतील नाचणी-तांदूळ

शेतकीच्या मासिकांत पाळणाघराचा विषय कशासाठीं, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु पनवेल तालुक्यांतील ज्या शेतकरी कुटुंबांशीं आमचा नित्य संबंध येतो, त्यांपैकीं पुष्कळांचीं नातवंडें आज दिवसाचे आठ-नऊ तास कोणा तरी शेजारणीच्या घरीं वाढत आहेत. सन १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, मागाहून जमिनी संपादन झाल्या, आणि ज्या खाचरांत पूर्वीं भात होत असे तेथें नवीन पनवेल, कळंबोली, कामोठें, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. मुलगा व सून दोघेंही नोकरीवर जातात, आजी-आजोबा गांवीं उरलेली जमीन सांभाळतात, आणि दीड-दोन वर्षांचें मूल सकाळीं डब्यासह पाळणाघरांत पोंचतें. शेतकऱ्याचें नातवंड शेतकऱ्याच्या घरचें धान्य खाईनासें होतें, याचा विचार शेतकऱ्यांच्या मासिकानें करावयाचा नाहीं तर कोणी करावयाचा?

हीं पाळणाघरें बहुधा दोन-तीन खोल्यांच्या घरांतून चालतात. एक गृहिणी, तिच्या हाताखालीं क्वचित् एक मदतनीस, आणि तान्ह्यापासून पांच-सहा वर्षांपर्यंतचीं आठ-दहा मुलें, असा तेथील संसार. कांहीं ठिकाणीं जेवण आईनें दिलेल्या डब्यांतलें, कांहीं ठिकाणीं तेथेंच शिजविलेलें. आम्हीं जेथें जेथें विचारपूस केली तेथें उत्तर बहुतेक एकच मिळालें: मुलें पांढरा भात, साखर लावलेली पोळी आणि दुधांत किंवा चहांत बुडविलेलें बिस्किट खातात, भाकरी, नाचणी अथवा लाल तांदूळ पुढें ठेवला तर तोंड फिरवितात. पाळणाघर चालविणाऱ्या बाईंस यावरून दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. सायंकाळीं थकून आलेल्या आईला "आज बाळ कांहींच जेवलें नाहीं" असें सांगण्यापेक्षां मुलाच्या हातांत चार बिस्किटें देणें कोणालाही सोपें वाटेल. अंगणवाडीची गोष्ट वेगळी. ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें सन १९४५ त बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि आदिवासी पाड्यांतील मुलांच्या अंगणांतच वर्ग भरवावयाची त्यांची कल्पना अंगणवाडी या नांवानें रूढ झाली. दिनांक २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळें अंगणवाडींतील मुलांच्या आहाराची जबाबदारी सरकारनें उचलली. घरगुती पाळणाघरांतील मुलाच्या ताटाची जबाबदारी मात्र आई पाळणाघरावर टाकते व पाळणाघर आईवर; आणि दोघींमध्यें बिस्किटाचा पुडा शिरतो.

मुलांना कोंड्यासकट धान्य आवडतच नाहीं, हें विधान आम्हांस मान्य नाहीं. मूल जें नाकारतें तें बहुतेक वेळां धान्य नसून त्याचा कुबट वास, दांतांखालीं आलेला खडा, किंवा घशांत बसणारा कोरडा घास होय. यांपैकीं पहिल्या दोहोंचें मूळ पाळणाघरांत नाहींच. तें आपल्या खळ्यावर आणि गिरणींत आहे. म्हणून आम्ही आधीं तिकडे वळतों.

भाताच्या दाण्यावरील तूस काढलें म्हणजे आंत पिंगट किंवा तांबूस दाणा राहतो. त्यावर कोंड्याचें पातळ आवरण असतें आणि एका टोकास अंकुर असतो. शंभर किलो भातांतून सुमारें वीस किलो तूस, आठ-दहा किलो कोंडा व अंकुर, आणि बाकी पांढरा तांदूळ व कणी, असा ढोबळ हिशेब आहे. त्या आठ-दहा किलोंत दाण्यांतील जीवनसत्त्वांचा, क्षारांचा, तंतूंचा व तेलाचा मोठा वाटा निघून जातो. जावा बेटांत काम करणाऱ्या आइकमन नांवाच्या डच वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत असें दाखविलें कीं, सडीक पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला कीं त्या बऱ्या होतात. त्या शोधाबद्दल त्यांस सन १९२९ त नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आपल्या आज्यांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण घिरटीवर भरडून मुसळानें सडलेल्या त्यांच्या तांदळावर कोंड्याचा बराच अंश राहत असे. सन १९३४ त स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें वर्ध्याहून हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला तो याच कारणानें. खारपट्ट्यांत आपले शेतकरी जो तांबडा राता पिकवीत आले, त्याचा तर रंगच मुळीं कोंड्यांत असतो. तो पांढरा होईपर्यंत कांडून घेणें म्हणजे ज्यासाठीं तो पेरला तेंच गिरणीवाल्याच्या पोत्यांत टाकून येणें.

आतां वासाचें कारण पाहा. कोंड्यांत तेल असतें. दाण्यावर तूस शाबूत आहे तोंवर तें टिकतें; तूस निघून कोंडा खरवडला गेला कीं तें विघटूं लागतें, आणि पनवेलच्या दमट हवेंत तर थोड्याच आठवड्यांत तांदळास कुबट वास येतो. मोठीं माणसें तो वास मसाल्यांत किंवा कालवणांत विसरतात. दोन वर्षांच्या मुलाच्या मऊ भातांत मसाला नसतो, म्हणून त्याला तो प्रथम लागतो. ज्या बाई म्हणतात कीं मुलांनीं पहिले आठ दिवस हातसडीचा तांदूळ खाल्ला आणि मग सोडला, त्यांनीं मुलांकडे न पाहतां डब्याचा वास घ्यावा. यावर उपाय असा कीं, वर्षाचा तांदूळ एकदम न करतां भात कणगींत ठेवावें आणि पंधरवड्यापुरतेंच भरडून आणावें. जुन्या हलरांत तूस व कोंडा एकाच घाण्यांत निघतात, म्हणून तेथें एकच हात द्यावयास सांगावें. रबरी रोळांच्या नव्या गिरणींत तूस काढण्याचें व पॉलिशचें यंत्र निराळें असतें, तेथें दुसऱ्या यंत्रांत माल घालूंच देऊं नये. गिरणीवाला प्रथम कुरकुरतो, कारण पॉलिशचा कोंडा हा त्याचा किफायतीचा माल आहे.

बाजरीची तीच गोष्ट. कळंबोलीच्या बाजूस साताऱ्या-सांगलीकडून आलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मुलांना बाजरीच्या भाकरीची उपजत ओढ असते. पण पंधरा दिवसांच्या पिठाची भाकरी कडू लागते आणि मूल एकदां कडू घास चाखलें कीं महिनाभर भाकरीकडे पाहत नाहीं. बाजरी आठवड्याची दळावी, त्याहून अधिक नको.

नाचणीस मात्र टिकण्याची भीति नाहीं. दाणा कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षें कीड लागत नाहीं, हें वरकस जमिनीवर ती पिकविणाऱ्या सर्वांस ठाऊक आहे. लहान मुलांस तिच्यासारखें धान्य नाहीं: शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, तेंच पांढऱ्या तांदळांत दहाच्या आंतबाहेर. दाणा इतका बारीक कीं त्याची साल वेगळी काढतां येत नाहीं, म्हणून नाचणीचें पीठ म्हटलें कीं तें कोंड्यासकटच असावयाचें. पण या बारीकपणामुळेंच तिच्यांत माती व खडे लपतात. मातीच्या खळ्यावर झोडलेली नाचणी कितीही पाखडली तरी कचकच राहतेच. दांत नुकते आलेल्या मुलाच्या घासांत एक खडा आला तर त्याच्या दृष्टीनें नाचणी म्हणजे खडा. झोडणी ताडपत्रीवर करावी. दळण्यापूर्वीं दाणे तीन-चार पाण्यांतून रोळून काढावे म्हणजे माती पाण्याबरोबर जाते व खडे तळाशीं राहतात. नंतर कडक उन्हांत वाळवावे. एवढें कष्टाचें काम पाळणाघरांतील बाई करणार नाहींत, आणि त्यांनीं तें कां करावें? तें धान्य विकणाऱ्यानें करून द्यावें, व त्याचे दोन पैसे अधिक घ्यावे.

नाचणीच्या सत्त्वाविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण येथें घोटाळा फार आहे. सत्त्व दोन प्रकारचें असतें. एक, भिजवून वाटून फडक्यांतून गाळलेलें. हें पांढुरकें व हलकें होतें, परंतु गाळण्यांत चोथ्याबरोबर कोंडा गेला, तेव्हां त्यास पूर्ण धान्य म्हणतां येणार नाहीं. सहा महिन्यांपुढील तान्ह्यास आरंभीं तें ठीक. दुसरें, मोड आणलेल्या नाचणीचें पीठ. रात्रभर भिजवून फडक्यांत बांधलेल्या दाण्यांस एक-दोन दिवसांत बारीक मोड येतात. ते वाळवून, अगदीं मंद आंचेवर जरासे शेकून, चोळून, मग दळावयाचे. मोड आल्यानें धान्यांतील लोह व चुना अडवून धरणारें द्रव्य कमी होतें. शिवाय दाण्यांत पिष्ट विरघळविणारें एक पाचकद्रव्य उत्पन्न होतें, त्यामुळें पेज घट्ट गोळा न होतां पातळ राहते. याचें महत्त्व असें कीं मुलाचें पोट लहान असतें; साध्या पिठाची पेज ओतण्याजोगी करावयाची तर पाणीच फार आणि पीठ थोडें. मोडाच्या पिठाचा एखादा चमचा शिजत्या घट्ट पेजेंत घातला कीं ती सैल होते, आणि तेवढ्याच वाटींत मुलाच्या पोटांत जास्त धान्य जातें. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत डॉ. तारा गोपालदास यांनीं सन १९८० नंतरच्या दशकांत या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला. मोडाचे दाणे खरपूस भाजले तर तें पाचकद्रव्य मरतें, म्हणून आंच मंद हवी. पावसाळ्यांत मोडांवर बुरशी येण्याची धास्ती असते. वास आला किंवा पांढरे धागे दिसले तर तो घाणा गुरांसही न घालतां टाकून द्यावा.

गव्हाच्या बाबतींत आमच्या घरांतून एक विनोद चालतो. चक्कीवर दळलेलें पीठ मुळांत बहुतेक पूर्ण धान्यच असतें. तें घरीं आणून मैद्याच्या बारीक चाळणीनें चाळावयाचें, कोंडा फेंकावयाचा, आणि मग कोंडा घातलेलीं म्हणून महाग बिस्किटें मुलासाठीं विकत आणावयाचीं! नाचणीचीं म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांचा पुडा एकदां उलटून वाचावा. त्यावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. पहिलें नांव मैद्याचें आणि दुसरें साखरेचें असेल तर नाचणी किती असेल हें वाचकांनीं ताडावें. तपकिरी पावाचा रंगही नेहमीं कोंड्याचाच असतो असें नाहीं.

धान्य निर्मळ आणि ताजें मिळालें म्हणजे उरला प्रश्न मुलाच्या मनाचा. येथें आमचें मत पुष्कळांस उलटें वाटेल. एकट्या घरांत आईनें जें साधत नाहीं तें पाळणाघरांत अधिक सहज साधतें, कारण तेथें मुलांस मुलें असतात. अमेरिकेंत लिअॅन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं सन १९८० त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एक भाजी नावडणाऱ्या मुलास ती आवडणाऱ्या मुलांच्या पंगतीस बसविलें. थोड्याच दिवसांत तें मूल आपण होऊन ती घेऊं लागलें. पुढें सन १९८४ त त्यांनीं हेंही दाखविलें कीं, "हें संपविलेंस तर तें देईन" अशी लालूच दाखविली म्हणजे मूल त्या वेळीं खातें, पण त्या पदार्थाची त्याची आवड वाढण्याऐवजीं कमी होते. बिस्किटाच्या लालचीनें भाकरी भरविणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें. भाकरी ही शिक्षा आणि बिस्किट हें बक्षीस, असा धडा मूल त्यांतून शिकतें.

नवा पदार्थ दोन-तीनदां नाकारला म्हणजे तो नावडता ठरला असें मानण्याची घाई सर्वत्र होते. वस्तुतः तोच पदार्थ आठ-दहा वेळां, कधीं कधीं पंधरा वेळांही पुढें यावा लागतो. दर वेळीं दोन बोटांएवढाच तुकडा, न बोलतां, ओळखीच्या पदार्थाच्या शेजारीं ठेवावा. खाल्ला तर ठीक, न खाल्ला तर ताट उचलावें. शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनीं सन १९२८ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंगावरून नुकत्याच सुटलेल्या बाळांपुढें साधे, न चाळलेल्या धान्यांसह नाना प्रकारचे पदार्थ ठेवले आणि निवड त्यांच्यावर सोपविली. बाळें चांगलीं वाढलीं. यावरून मुलास आपलें हित कळतें असा निष्कर्ष कित्येक काढतात, तो अपुरा आहे. त्या ताटांत साखर किंवा मैदा नव्हताच. निवड मुलाची, पण ताटांत काय असावें हें मोठ्यांचें, हाच त्याचा खरा अर्थ. तेव्हां पाळणाघरांत दुपारच्या आधीं तासभर दूध-बिस्किट बंद करणें हा पहिला उपाय, आणि बाईंनीं स्वतः मुलांबरोबर बसून तेंच खाणें हा दुसरा. आम्हांस तर दुसरा अधिक परिणामकारक वाटतो.

पदार्थ कोणते करावे याची यादी देण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांतील स्त्रियांस तें आमच्याहून अधिक ठाऊक आहे. कोंड्याचा तांदूळ तासभर भिजवून, नेहमींपेक्षां दीडपट पाणी घालून मऊ शिजविला, वर तूप व मेतकूट घातलें, तर पहिल्या आठवड्यांत चतुर्थांश व महिन्याभरानें निम्मा मिसळलेला मुलांच्या लक्षांतही येत नाहीं. नाचणीचें पीठ निम्म्या तांदुळाच्या पिठांत कालवून केळीच्या किंवा हळदीच्या पानांत पानगी केली, तर पान उघडण्याच्या हौसेनेंच मुलें ती खातात, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. भाकरी द्यावयाची तर ताजी, वरणांत किंवा दुधांत कुस्करून द्यावी; कडक कड मुलाच्या हातीं देऊं नये. थालीपीठ भाजणीचें, मिरचीवांचून. नाचणी गुळानें गोड करण्याचा मोह पडतो, पण रोजची पेज गोड झाली कीं मूल गुळासाठीं खाऊं लागतें. ताकाची, किंचित् मीठ व जिऱ्याची आंबील त्यापेक्षां बरी. दोन वर्षांखालील मुलास गूळ-साखर न देणेंच चांगलें.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही सावध करूं इच्छितों. ज्वारीच्या लाह्या, मक्याच्या लाह्या, फुटाणे, शेंगदाणे हे चार वर्षांखालील मुलांच्या हातीं मुळींच देऊं नयेत. हे दाणे श्वासनलिकेंत अडकतात, आणि आठ मुलांवर एकच नजर असलेल्या घरांत तें कळावयास उशीर होतो. लाह्यांचें पीठ करून दुधांत किंवा ताकांत कालवावें. दुसरें असें कीं, पूर्ण धान्य चांगलें म्हणून सर्वच धान्य कोंड्याचें करण्याचा अट्टाहास नको. तंतूंनीं लहान पोट लवकर भरतें व पोषण अपुरें पडतें, आणि कोंड्यांतील द्रव्य लोहास अडवितें. निम्में धान्य कोंड्याचें पुरे. सोबत वरण, अंडें किंवा ज्यांच्याकडे चालतें त्यांच्याकडे मासळी, आणि वर लिंबाचे चार थेंब, म्हणजे लोह अंगीं लागतें.

शेवटीं व्यवहाराचें. एका मुलास पाळणाघरांत दिवसाला चाळीस ग्रॅम धान्य लागतें असें धरलें, तर दहा मुलांच्या पाळणाघरास महिन्याच्या पंचवीस दिवसांत दहा किलो, वर्षास एकशेंवीस किलो. त्यांत तिसरा हिस्सा नाचणी म्हणजे चाळीस किलो. गुंठ्यास दहा किलो उतारा धरला तरी हें चार गुंठे वरकस जमिनीचें काम आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हें गिऱ्हाईक क्षुल्लक. पण तें दर पंधरवड्यास दारांत येणारें, रोख देणारें, आणि ज्यांच्या आया पुढें स्वतःच्या घरासाठींही तेंच धान्य मागणार असें आहे. सन २०२३ हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरें झालें तेव्हां शहरांतील दुकानांतून नाचणीच्या पिशव्या चमकूं लागल्या. त्यांतील पीठ केव्हां दळलेलें असतें हें विकत घेणारास क्वचितच कळतें. आपल्या शेतांतून ताजें जाणारें पीठ त्याहून निश्चित सरस असेल.

ज्यांना हें करून पाहावयाचें आहे त्यांनीं येत्या मृगांत नाचणीचा तरवा टाकतांनाच चार गुंठ्यांचें रोप वेगळें धरावें. दापोलीच्या विद्यापीठानें पांढऱ्या दाण्याची जातही दिली आहे. ज्या मुलांस काळसर रंगाचा तिटकारा बसला आहे त्यांच्यासाठीं ती उपयोगी पडेल. पीठ दोन-दोन किलोंच्या स्वच्छ कापडी पिशव्यांतून द्यावें, पिशवीवर दळल्याची तारीख लिहावी, आणि पहिली पिशवी आपल्या सुनेच्या हातीं, जेथें आपलें नातवंड जातें त्याच पाळणाघरांत पाठवावी.